पुंजारामची साक्ष

वणीचा पुंजाराम गांगुर्डे मालवाहू जहाजावर आचारी होता. १९९९ साली मलाक्काजवळ हत्यारबंद दरोडेखोर जहाजावर चढले. त्यांनी सगळ्यांना बांधून घातलं, मग तराफ्यावर बसवून भर समुद्रात सोडून दिलं. कोळ्यांच्या एका बोटीनं त्यांना वाचवलं. परत आल्यावर पुंजारामनं नाशकात पंचवटीत खानावळ टाकली आणि जहाजाचा विषय बंद केला.

पुढे जहाजाला नवं नाव, नवा रंग देऊन पळवताना ते टोळकं आपल्या नौदलाच्या हाती लागलं. मुंबईत खटला उभा राहिला आणि पुंजारामला साक्षीचं समन्स आलं.

त्याच्या बायकोला, सविताला, ते रुचलं नाही. जहाज परक्याचं, चोर परमुलखातले, गुन्हा तिकडच्या पाण्यात. आपण कशाला मधे पडायचं? पुंजारामलाही जायचं नव्हतं. त्या माणसांची तोंडं त्याला पुन्हा बघायची नव्हती. शेवटी त्यानं खानावळीत जेवायला येणाऱ्या मालिनीताई वकिलांना विचारलं.

"त्या चोरांच्या देशानं त्यांना मागितलेलं नाही," ताई म्हणाल्या. "मग आपल्यापुढे एकच रस्ता राहतो, इथं न्याय करायचा. असा माणूस ज्याच्या हाती लागेल, त्यानं त्याला त्याच्या देशाच्या हवाली तरी करावं, नाहीतर खटला तरी भरावा. गुन्हा आमच्या अंगणात झाला नाही म्हणून सगळ्यांनीच हात झटकले, तर त्याला जगात कुठंच अडसर नाही."

पुंजाराम गेला. कोर्टात त्यानं आधी आरोपींकडे नीट बघून घेतलं. मग एकेकाकडे बोट दाखवत, कोणी काय केलं ते त्यानं सांगितलं. शेवटी पिकल्या मिशांच्या एका आरोपीपाशी तो अडखळला.

"साहेब, ह्यानं मला बांधलं, ते खरं हाय. पण तराफा सोडताना पाण्याचा डबा ह्यानंच आत टाकला. नायतर आम्ही जगलो नसतो."

दुभाष्यानं ते त्या माणसाला सांगितलं, तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. न्यायाधीशांनी पुंजारामचं ते वाक्य लिहून घ्यायला लावलं.

निकालाला आणखी वर्ष लागलं. सगळे दोषी ठरले; त्या एकाला शिक्षा कमी झाली. पेपरातली बातमी पुंजारामनं सविताला वाचून दाखवली. त्यानं त्या एकासाठी असं बोलावं, हे तिला अजून पटलं नव्हतं. पण सगळ्यांना शिक्षा लागली याचं तिला समाधान वाटलं.

साक्ष दिल्यापासून पुंजारामची समुद्राची धास्ती गेली होती; त्या दिवाळीनंतर त्यानं पुन्हा जहाजावर नाव नोंदवलं. सविता चार दिवस धुसफुसली. मग खानावळीच्या किल्ल्या मागून घेतल्या आणि म्हणाली, "जा. मी बघते इथलं."