जावेचा नवा माग अन् माझा उंच बाक

मैत्रिणींनो, खरं सांगते, आज सकाळपासून मी जळून राहिले.

गोरेगावच्या माझ्या जावेनं नवा हातमाग घेतला. सुतारानं तिच्या गुडघ्याचं माप घेऊन बाक करून दिला. तिचे दोन्ही पाय खालच्या पावड्यांवर कसे बराबर टेकतात! मी नुसतं "छान हाय" म्हणले अन् जीप धरून घरी आले.

माझा बाक सासऱ्यांचा. ते होते उंच, मी बुटकी. दर वेळी पावडी दाबायला खाली घसरावं लागते, कंबरेचा भुगा होतो. पण दसऱ्याला त्या बाकाची पूजा होते. त्याला करवत कोण लावणार?

सासूबाईंपुढं धुसफुसले, "तिचं नशीब बघा!"

त्या म्हणल्या, "मग बाकाचे पाय काहून कापत न्हाईस?"

"मामंजींचा बाक हाय तो!"

"व्हय. मीबी त्याच्यावर लटकूनच जन्म काढला. त्यायनी कधी न्हाई म्हणलं नव्हतं. मीच कधी इचारलं न्हाई."

आमी दोघींनी मिळून बाकाचे पाय चार बोटं कापले.

पहिल्यांदा सासूबाई बसल्या. पाय टेकले. तासभर झाला, उठायलाच तयार न्हाईत.

आता सांगा, मी जळू तरी कोणावर?