आत्याच्या पुडीतली मुळी

वडिलांच्या मूत्रपिंडांना जुनी सूज होती आणि रक्तदाब चढलेला असे. तरी दापोडीच्या वर्कशॉपात ते रोज जात. डॉक्टरांनी मीठ बंद केलं आणि नव्या गोळ्या दिल्या. घरात इंग्रजी मला एकटीला येई, म्हणून गोळ्यांच्या बाटलीवरचं वाचायचं काम माझं. दुसरं काम मी मैत्रिणींना कधी सांगितलं नाही. वडील दिवसभराची लघवी एका मोठ्या बाटलीत साठवत, आणि ती कुठवर आली ते मी सकाळी वहीत लिही. त्या बाटलीला खुणांची कागदी पट्टी मीच चिकटवली होती.

पहिले काही आठवडे ठीक गेले. दाब सावकाश उतरत होता, बाटली नेहमीएवढी भरत होती. मग महाळुंग्याहून आत्या राहायला आली. आठवड्याभरात वडील पानावरच पेंगू लागले. नाक चोंदलेलं, उठताना भोवळ. बाटली निम्मीही भरेना.

"गोळीनंच केलं हे," आई म्हणाली.

मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. आत्या रोज सकाळी गावच्या वैद्याचं चूर्ण वडिलांना ताकातून देई. "डाक्तरला सांगू नगंस," तिनं मला बजावलं होतं. "मुळी हाय ही, इख न्हाई." गप्प राहणं मला नेहमीच सोपं जाई.

डॉक्टर घरी आले. त्यांनी दाब दोनदा मोजला, माझी वही पाहिली.

"दाब फार खाली आलाय. ही मूत्रपिंडं वर्षानुवर्षं चढ्या दाबाला सरावलेली. हळू उतरवला तर त्यांचा फायदाच. एकदम पडला की त्यांना रक्त पुरत नाही, आणि ती आणखी बिघडतात. पण गोळी तर मी कमी ताकदीचीच दिली होती. मानवत नसेल. बंद करू."

म्हणजे गोळी जाणार आणि चूर्ण चालूच राहणार. आत्या दाराशी उभी होती. तिच्याकडे न बघता मी म्हणाले, "बाबा सकाळी चूर्णही घेतात."

आत्यानं पुडी पुढे केली. डॉक्टरांनी चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिलं, वैद्य या मुळीला काय म्हणतो ते तिला विचारलं. "सर्पगंधा. आत्याबाई, माझी गोळी याच मुळीची आहे."

"मंग माझीच वाईट व्हय?"

"वाईट नाही. पण रोज किती पोटात गेली, ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही."

वडील डोळे मिटूनच म्हणाले, "म्हणजे एकच माल मी दोन दुकानांतून घेत होतो."

काही दिवस दोन्ही बंद राहिलं, नंतर अर्धी गोळी. बाटली हळूहळू जुन्या खुणेकडे सरकली. तेवढे दिवस आत्या माझ्याशी बोलली नाही. गावी निघायच्या सकाळी मात्र ती माझ्याजवळ येऊन बसली.

"काय लिवलंस आज?"

मी वहीतला आकडा वाचून दाखवला.

"आन काल?"

मग मी ते अख्खं पान तिला वाचून दाखवलं.