नदी सोडलेला पलंग

फिल्म सोसायटीत काल प्रौढांसाठीचा एक चित्रपट पाहिला. सुरुवातीला, स्वप्नात दिसावा तसा, नदीतून एक पलंग वाहत होता, त्यावर एक जोडपं, आणि काठावरची झाडं त्यांच्यामागून चालत होती. मी अगदी गुंगून गेलो. पण लवकरच पलंग साध्या खोलीत आला आणि पुढे नुसती अंगांची झटापट उरली. मी जांभई दाबली. घरातला पहिला पदवीधर मी; असं काही कळलं नाही की दोष आपल्या शिक्षणाचाच वाटतो.

नंतरच्या चर्चेत एक निवृत्त प्राध्यापिका म्हणाल्या, "अहो, ती नदी कुठे आटली?" सगळे हसले. तेव्हा जाणवलं, स्वप्न कधीकधी दाखवणाऱ्याच्याच हातून सुटतं. मी धीर करून म्हणालो, "बाई, मला तर झोप येत होती."

"मग नीट पाहिलात तुम्ही," त्या म्हणाल्या.