मुकुटबनच्या देवळातली वाघळं अन् कौसीची ओसरी

घाटंजीहून मुकुटबनले गेली त्याची कारणं दोन. नागपूरच्या कॉलेजातल्या एका मास्तरीणबाईले वाघळांच्या पोटातले चपटे जंत पाह्यचे होते, अन् तिले सैपाकाले बाई पायजे होती. मले माह्या मुकुटबनच्या लहान बहिणीले, कौसीले, इचारायचं होतं: आता दोघींचेही नवरे गेले, तं एका घरी राह्यचं का? मी बुद्धाची दीक्षा घेतली, तिनं नाही घेतली. तेव्हापासून येणंजाणं बंद होतं.

एस्टी पांढरकवड्याले बदलावी लागते. सकाळची धरा, दुपारच्या गाडीत लोकांची बोचकी आपल्या मांडीवर येतात. पुढं नुसता फुफाटा. भाकर सोबत न्या. स्टँडवरचा चहा म्हंजे गरम पाणी, पैसे मात्र चहाचे घेतात.

देऊळ गावाबाहेर, पडकं. आत गेलं की वासानं डोळे झोंबतात. छताले दोन जातीची वाघळं: लांब शेपटीची मधोमध, बारकी भेगांत. मास्तरीणबाईनं जाळी लावून दोन्ही धरली, चिरली, आतडी मिठाच्या पाण्यात सोडली. शेपटीवाल्यांतून कणीपेक्षा बारीक जंत निघाले. बारक्यांत काहीच नाही.

"एका छताखाली राह्यतात, मंग असं काहून?"

"जंत शेजारातून येत नाही, खाण्यातून येतो," ती म्हणाली. "दोघांचं खाणं वेगळं असेल. पण अजून पुष्कळ वाघळं पाहावी लागतील."

"म्हंजे एवढी मारून बी पक्कं नाही?"

"नाही."

"मंग हात धुवा. भाकरी थंड होऊन राह्यल्या."

संध्याकाळी कौसीकडं गेली. तिनं मटणाची थाळी पुढं ठेवली.

"कायचं हाये?"

"मरीमायचं. आज बकरं होतं."

मी थाळी सरकवली. "आमी देवाचं खात नाही."

"बकऱ्याले काय ठाऊक तू येशीन म्हणून," कौसी म्हणाली, अन् उठून भाकर-ठेचा घेऊन आली. खाऊन झाल्यावर मी सरळ म्हटलं, "देव काढून टाक. मी इथं राह्याले येतो."

"देव नाही निघत, आक्का. दोन चुली मांडू. माही आत, तुही ओसरीवर."

"म्हंजे मी ओसरीवरची?"

"तिसरी जागा दाखव मले."

खरंच नव्हती. खोली एकच. पण तोवर माह्या डोक्यात राख गेली होती. मी भिंतीकडं तोंड करून झोपली. सकाळी उठली तं कौसी कापूस वेचाले निघून गेलती.

घरी येऊन कुलूप काढलं. मास्तरीणबाई म्हणते पुन्हा जाऊ, आणखी वाघळं धरू. मी अजून हो म्हटलं नाही. थाळी सरकवली ते बरोबरच केलं, उद्या बी सरकवीन. ओसरीवरून मात्र उगीच भडकली. ओसरी चांगली होती, सारवलेली, वारा लागे.

इथं अख्खं घर माहं हाये. चूल पेटवली, एक भाकर थापली. मीठ जास्त पडलं, तं बोलाले कोणी नाही.