आधी लोड काढ

वाळूजच्या कामगारांची ने-आण करून थकलेली एक मिनीबस आमच्या ह्यांनी भंगारात जाण्याआधी विकत घेतली आणि तिचं फिरतं घर केलं. आत ओटा, विजेची शेगडी, मागं छोटा जनरेटर, टपावर एसी. एसीची हवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या कायमच्या बंद केल्या. शहागंजातून गादी आणि दोन लोड आणून बैठकही घातली. मला म्हणाले, पहिली फेरी बिडकीनची. तुझ्या आईला भर उन्हाळ्यात गारव्यात घेऊन येऊ. आईला उन्हाचा लई त्रास. मी येडी, साऱ्या गल्लीत सांगत सुटले.

मे महिन्यात निघालो, तर ह्यांचे दोन मित्रही गाडी बघायला म्हणून सोबत. बिडकीनहून परतताना आई लोडाला टेकून बसली होती. पदरानं वारा घेत, पण हसऱ्या तोंडानं. आता गार होणार होतं ना. मित्रांना चहा हवा होता, म्हणून मी शेगडी लावलेली. ह्यांनी एसीचं बटण दाबलं. जनरेटर घुरघुरला, खटका पडला, सगळं बंद. पुन्हा तेच.

हे पुढून ओरडले, "अगं, आधी लोड काढ!"

मी काढला. आईच्या पाठीमागचा. मग दुसराही काढला आणि दोन्ही काखेत धरून उभी राहिले. लोड जागा खातात म्हणून हे सकाळीच कुरकुरले होते. मला वाटलं, लोडांनीच हवेची वाट अडवली असंल.

मित्रांना हसू आवरेना. मग एकानं सांगितलं, वहिनी, लोड म्हणजे विजेचा भार. शेगडी बंद करा, एसीनं एकदा जोर धरला की मग बघू. मी शेगडीकडं हात नेला.

"राहू दे," हे म्हणाले, "चहा उकळत आलाय. एसीचं बघू घरी गेल्यावर."

लोड माझ्या काखेतच राहिले आणि आई तापल्या पत्र्याला पाठ लावून शहरापर्यंत आली. जावयाचा मान म्हणून तीही हसत होती. उतरताना मला एवढंच म्हणाली, "पोरी, पुढच्या बारीला मी एसटीनं येईन. तिथं खिडकी तरी उघडती." आणि शेवटपर्यंत ती एसटीनंच आली.

लोडाचा किस्सा ह्यांनी प्रत्येक लग्नात सांगितला. चहाचं कधी सांगितलं नाही. आणि मी बावळट, तोंडाला पदर लावून म्हणायचे, व्हय, काढला की. जनरेटरला निदान आपल्याला भार सोसत नाही हे कळत होतं.

आता ह्यांचे गुडघे गेलेत. गाडी अंगणात उभी असते, घरातून वायर ओढून हे दुपारी तिच्यात एसी लावून झोपतात. त्याच वायरीवर माझी घरघंटी आहे, आणि मला दळण नेमकं दुपारीच आठवतं. खटका पडतो. आतून हाक येते, अगं, एसी बंद पडला.

"अहो," मी ओसरीतून म्हणते, "आधी लोड काढा."

दोन्ही लोड त्यांच्या पाठीशीच असतात.