डी ड्राइव्हमधले आजोबा

लोकांच्या दुकानात माल साठतो, आमच्याकडे किस्से साठतात. झाडून काढावेत म्हटलं तर तेवढ्यात जिन्यावर नवीन गिऱ्हाईक वाजतं!

औरंगपुऱ्यात दोन कॉम्प्युटरची आमची खोली. माणसं तीन: मी, संगीता आणि रिटायर्ड उर्दू मास्तर नासिरचाचा. लोक घरातले जुने उर्दू कागद आणतात, चाचा ते जसेच्या तसे टाइप करतात आणि संगीताचं टूल त्यांचं देवनागरी करतं. टूल म्हणजे नियमांची यादी. डावीकडे तिकडचं अक्षर, उजवीकडे आपलं. भाषा तीच राहते, लिपी तेवढी बदलते. हे समजावण्यात आमचं निम्मं आयुष्य गेलं.

एकानं विचारलंच, "चाचांना वाचता येतं, मग कॉम्प्युटर कशाला?"

चाचा म्हणाले, "मैं पढा तो बोलते, बुढ्ढा मन का बोल रहा. मशीन पढी तो सब मानते."

*

सिल्लोडकडचे सहा भाऊ एक कागद घेऊन आले. जमिनीचाच असणार, अशी सगळ्यांची खात्री. एकमेकांशी बोलणं बंद होतं, म्हणून सहा जण सहा दिशांना तोंडं करून बसले.

आमची एक पद्धत आहे. कागद बाहेर जाण्याआधी चाचा मूळ मोठ्यानं वाचतात आणि संगीता प्रिंटवर बोट फिरवते. चाचांनी वाचलं. म्हशीचं पोट फुगलं तर काय पाजायचं, ते औषध निघालं!

सहाही तोंडं कागदाकडं वळली. मग थोरला म्हणाला, "सहा झेरॉक्स काढा. म्हशी सगळ्यांकडंच हायेत."

जाताना जिन्यात ते एकमेकांशी बोलत होते. इतकं बरं वाटलं मला.

*

पैठणच्या एका शेतकऱ्यानं मुलीच्या लग्नाची पत्रिका आणली. "माझा दोस्त हाय रफिक. त्याच्यासाठी एक उर्दू अक्षरात करा. मान वाटंल त्याला." आम्ही टूल उलटं चालवलं आणि छान पत्रिका करून दिली.

चार दिवसांनी तीच पत्रिका घेऊन एक गृहस्थ आले. "हे जरा मराठीत करून द्या. मी झेडपीच्या मराठी शाळेत शिकलोय, मला उर्दू कुठं वाचता येतंय?"

रफिकभाई! आम्ही पत्रिका पुन्हा देवनागरीत करून दिली. उर्दू पत्रिका मी बाजूला ठेवायला लागलो तर त्यांनी ती हातातून काढून घेतली. "ती राहू द्या. दोस्तानं खास करून घेतलीय."

*

जमिनीचा जुना कागद घेऊन आलेला एक तरुण पोरगा संगीताच्या कानाशी वाकून म्हणाला, "मॅडम, एक नियम वाढवा ना. जिथं जिथं काकाचं नाव येईल, तिथं तिथं वडलांचं टाका."

संगीता घाबरून चाचांकडं बघायला लागली. चाचांनी चष्मासुद्धा काढला नाही. "पहले काका को पूछ के आव."

तो गेला तो गेलाच.

*

आता, प्रत्येकाची लिहायची तऱ्हा वेगळी. कोणी नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, खातो, कोणी दोन शब्द चिकटवतो. म्हणून संगीता प्रत्येक जुन्या माणसाची वेगळी नियमांची फाइल करते आणि तिला त्याचंच नाव देते. दिवसभर आमच्याकडे "नानांना बंद करू का?" असलं चालू असतं.

एकदा नानांचा नातूच समोर बसला होता. तो हळूच म्हणाला, "नाना जाऊन तीन वर्षं झाली."

संगीता म्हणाली, "आमच्याकडं डी ड्राइव्हमधी हायेत अजून."

तो हसला. मग उगाच एकदा फाइल उघडून दाखवायला लावली.

*

गेल्या उन्हाळ्यात पैठणकडच्या सोनाबाई आल्या. ऐंशीच्या पुढच्या, सोबत मुलगा आणि पिशवीत नवऱ्याच्या वह्या. नवरा, किसनबाबा, जन्मभर मेंढरं राखून दोन वर्षांपूर्वी गेले. निजामाच्या वेळी चार यत्ता शिकले, त्या उर्दूत. तेवढ्या अक्षरांवर ते आयुष्यभर मराठी लिहीत राहिले आणि घरात ते कोणालाच वाचता येत नव्हतं.

सोनाबाई म्हणाल्या, "सगळं नगं. माझी सुमी नागपंचमीला झालेली, पाच वर्षांची व्हऊन गेली. त्यानंतर ह्यांनी कधी तिचं नाव काढलं नाय, म्हून मीबी काढलं नाय. वहीत कुठं हाय का, तेवढं बघा."

चाचांनी तीन आठवडे टाइप केलं. पाऊस, चारा, कोणती मेंढी व्याली, कुठं मुक्काम. संगीतानं किसनबाबांची फाइल बनवली, टूल चालवलं आणि "सुमी" शोधलं.

दर वर्षी नागपंचमीला एकच ओळ होती. आज सुमी सात वर्षांची. आज सुमी बावीस वर्षांची. शेवटच्या वहीत, आज सुमी अठ्ठावन्न वर्षांची.

चाचा वाचत गेले, एकही वर्ष न गाळता. संगीताचं बोट प्रिंटवर थांबलं होतं. मुलगा उठून खिडकीशी गेला. माझ्याच्यानं तर वर बघवेना.

सोनाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "हे उलटं व्हतं का? त्यांना आपली अक्षरं येत नव्हती. वहीत खाली माझी एक वळ पायजे, त्यांच्या अक्षरात."

संगीतानं किसनबाबांची फाइल पुन्हा उघडली. "सांगा आजी."

"लिव्हा. मीबी मोजीत व्हते."