धुतलेल्या कॉम्प्युटरमधली अक्षरं

मी सातवी पास. त्यापुढे कोलकात्यात गार्डन रीचला जहाजांच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म गेला. लिहिण्यावाचण्याचं खातं बायकोकडे होतं. आमच्या मराठी मंडळाचं गणपतीचं पत्रक तीच टाईप करायची, त्यासाठीच तिने हा जुना कॉम्प्युटर घेतला होता. मी त्याला हात लावायचो तो फक्त धूळ पुसायला.

आजारी पडल्यावर शेवटचे सात-आठ महिने ती त्याच्यासमोर बसून काहीतरी बडवत असायची. विचारलं तर म्हणायची, "तुमच्यासाठीच आहे. मी गेल्यावर रोज एक पान वाचा. सगळं एकदम वाचू नका, एकदम वाचलंत तर काही लक्षात राहणार नाही तुमच्या." ती गेली आणि बाराव्यानंतर मी सुरू केलं. सकाळी चहा झाला की खुर्चीत बसायचं, तिची फाईल उघडायची, एक पान वाचायचं. प्रत्येक पान 'अहो' ने सुरू. मग डाळीला फोडणी कधी द्यायची, गॅसचं कार्ड कुठे आहे, कोणाशी भांडू नका. मला वाचायला वेळ लागतो, ते बरंच होतं. माझी निम्मी पानंसुद्धा झाली नव्हती, तेवढ्यात कॉम्प्युटर अडकायला लागला. बटण दाबलं की अर्धा तास नुसता घरघर करायचा.

आमच्या मोडाजवळ, म्हणजे नाक्यावर, एक मिस्त्री आहे, पन्नाशीचा, टकला. रेडिओपासून मोबाईलपर्यंत सगळं खोलतो. मला काकू म्हणतो. बंगालीत काकू म्हणजे काका. माझी बायको दर वेळी पदर तोंडाला लावून हसायची. तो घरी आला, बघितलं आणि म्हणाला, "काकू, सगळं धुवून नवीन विंडोज टाकावं लागेल."

"धुवून म्हणजे? तिचं लिहिलेलं?"

"ते डी ड्राइव्हमध्ये आहे. मी फक्त सी ड्राइव्ह धुणार. डीला हात नाही लावणार. देवाशप्पथ."

ठीक आहे म्हटलं. दुपारभर बसून त्याने काम केलं. चालू झाला तर भलतंच. अक्षरं अंगठ्याएवढी. आवाज नाही. घड्याळ कितीतरी वर्षं मागे. मिस्त्रीने एकेक गोष्ट मार्गी लावली. घड्याळाचं म्हणाला, आतला बटणासारखा सेल संपलाय, बदलू. मला घड्याळाचं काय पडलंय? मी म्हटलं, फाईल उघडा.

फाईल होती, पानंही तेवढीच होती. पण आत मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरं, मध्ये डॉलर, टोपी घातलेला ए, उलटं प्रश्नचिन्ह. पानंच्या पानं तसली. बायको गेली तेव्हा मी रडलो नव्हतो, लोकांनी नावं ठेवली तेवढी ठेवली. त्या दिवशी मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

बाहेर आलो तर मिस्त्री म्हणतो, "फाईल नष्ट झाली, काकू. व्हायरस असणार. माझ्याकडे एक सॉफ्टवेअर आहे, त्यातून काढून परत सेव्ह करतो. थोडंफार वाचेल."

"थोडंफार? हात काढा तिथून. सेव्ह करायचं नाही."

"अहो, पण बघू तरी..."

"बघायचं नाही. चहा प्या आणि गप्प बसा."

कारखान्यात पंप खोलला की त्याचे भाग आम्ही ओळीने गोणपाटावर मांडायचो. जोडून झाल्यावर पंप वेडावाकडा आवाज करायला लागला, तर नवशिका हातोडा उचलतो. जुना माणूस आधी गोणपाटाकडे बघतो, काही बसवायचं राहिलंय का. मला हे एवढंच येतं. पण येतं ते पक्कं येतं.

आधी पंप फुटलाय की नुसता अपुरा जोडलाय, ते बघायचं. पहिलं पान मला पाठ होतं. 'अहो, चहा घेतलात का?' मी पेन्सिल घेऊन ती पहिली ओळ जशी दिसत होती तशी कागदावर उतरवली, टोपीवाल्या 'ए'सकट. 'अहो' मधल्या 'ह' च्या जागी जी खूण होती, तीच 'चहा' मधल्या 'ह' च्या जागीही होती. दुसरं पान काढलं, तिसरं काढलं. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला त्याच खुणा, त्याच क्रमाने. म्हणजे बाई प्रत्येक पानावर 'अहो' म्हणतच होती, फक्त आम्हाला दिसत नव्हती.

कागद मिस्त्रीसमोर आपटला. "नष्ट झालेली वस्तू अशी ओळीत उभी राहते का? आता सांगा, तुम्ही सीमधून काय काय काढलंत आणि परत काय घातलं नाहीत?"

तो बोटं मोजायला लागला. विंडोज, लिहायचा प्रोग्राम, प्रिंटरचं. मी विचारलं, "मराठीचं काही?"

"मराठी वेगळं कशाला? हिंदीचीच अक्षरं ना? नव्या विंडोजमध्ये ती असतातच." एवढं बोलून तो थांबला. टक्कल खाजवलं. "एक मिनिट. पूर्वी छापखान्यात आमचं बंगालीसुद्धा असंच असायचं. अक्षरांचा साचा, म्हणजे फॉन्ट, वेगळा टाकावा लागायचा. साचा नसला की खाली नुसती इंग्रजी बटणं दिसायची. काकू, साचा सीमध्ये होता! मीच धुतला!" आणि त्याने स्वतःच्या कानाला हात लावला.

त्याच्याकडे मराठीचा साचा कुठला असायला? पेटीत एक बंगालीचा होता, तो टाकून बघितला. पडदाभर बंगाली अक्षरं आली, अर्थ शून्य. "बायको बंगालीत बरळायला लागली," मी म्हटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसलो असेन.

डमडमला मंडळातल्या एक शिक्षिका राहतात. जन्म कोलकात्याचा, मराठी अडखळत, पण पत्रकाच्या कामात माझ्या बायकोचा उजवा हात. त्यांना फोन लावला.

"काका, तो सीडी माझा कपाटमध्ये असेल. काकींनी मला कॉपी करून दिली होती. मी शोधून ठेवते, तुम्ही उद्या या."

"उद्या नाही. आत्ता निघतो."

"आत्ता? काका, ऊन बघितलं का?"

"बघितलं. निघालो."

बस, मग मेट्रो. डमडमला पोचलो तर बाईंच्या केसांना जळमटं. कपाटात मिळाली नाही म्हणून माळ्यावरची खोकी काढून बसल्या होत्या. सीडीवर माझ्या बायकोच्या अक्षरात 'मराठी' लिहिलं होतं, खाली दोन रेघा. मी ती रिकाम्या डब्यात घातली आणि डबा मांडीवर धरून घरी आलो. मेट्रोत एक जण म्हणाला, दादा, डबा खाली ठेवा. नाही ठेवला.

मिस्त्री माझ्या दारातच बसला होता. दुकान बंद करून. सीडी घातली, कॉम्प्युटरने ती कुरकुरत घेतली. मिस्त्रीने साचा टाकला, कॉम्प्युटर बंद करून परत सुरू केला आणि फाईल उघडली.

'अहो'.

मिस्त्रीला एक अक्षर कळत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून तोच टाळ्या वाजवायला लागला. मी खुर्चीत बसलो. छातीवरून कोणीतरी लोखंडाची प्लेट उचलून नेल्यासारखं वाटलं. त्याला म्हटलं, याच्या दोन नकला काढा, साच्यासकट. एक मी डमडमला देणार आहे.

"वाचून दाखवा की, काकू. काकीमा काय म्हणतात?"

त्या दिवसाचं पान काढलं. सावकाश वाचलं, त्याला हिंदीत सांगत.

'अहो, कुकरमधून वाफ जात असेल तर झाकणाची रिंग बदला. शिट्टीला शिव्या देऊ नका आणि झाकण ठोकू नका. जहाजाचे पंप बसवणाऱ्या माणसाला हे सांगावं लागतं, कमाल आहे.'

मिस्त्री पोट धरून हसला. तीन आठवडे मी झाकणच ठोकत होतो.

तो गेल्यावर मी बाजारात जाऊन रिंग आणली. मापाची निघाली नाही. परत गेलो, दुकानदाराशी न भांडता बदलून आणली, आणि भात लावला.